खापराची भट्टी

आमच्या घरामागे एकदा भट्टी होती. एका आखाजीपुरती. ती बांधायला सगळं घर खपलं आणि पाडायला एकट्या सासूबाई पुरल्या. मध्ये काय घडलं ते लोक आपापल्या सोयीनं सांगतात. मी माझं सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सातपूरच्या पलीकडे कॉलनीत आमचं घर होतं. पुढे तुळस, मागे आंब्याचं झाड आणि धुणं वाळत घालायला मोकळं परस. सासरे ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून नुकतेच रिटायर झाले होते आणि रिटायर झालेल्या पुरुषासारखा दुसरा जाच नाही. कपाटाची दारं काढून परत बसवून झाली, नळ खोलून झाले, माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना उंचीप्रमाणे ओळीत लावून झालं. मिठाचा डबा सापडेना म्हणून मी कुरकुरले तर म्हणाले, "शिस्त लागेल तुलाही."

मी सटाण्याकडची. आमच्या घरी अहिराणी बोलतात. लग्न होऊन आले तेव्हा गॅसवर दूध चढलं होतं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दूध उतू जाई ऱ्हायनं!" झालं. आमच्यात 'आहे'ला 'शे' म्हणतात, तेवढं धरून त्या दिवसापासून जेवायला बसलं की सासरे सुरू. "मीठ कुठे शे? लोणचं शे का? पाणी थंड शे?" नणंद हसून हसून ताटावर पडायची, नवरा मिशीत हसायचा. सासूबाई तेवढ्या हसायच्या नाहीत. "पुरे हो, वाईट वाटेल पोरीला," असं म्हणायच्या आणि स्वतःच एकदा 'शे' म्हणून दाखवायच्या. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ना, तशी बाई. आवाज कधी चढला नाही, हात कधी उगारला नाही. तिनं केलेलं काम निस्तरायला मात्र जन्म गेला.

नाशकात जिला अक्षय्य तृतीया म्हणतात ती आमची आखाजी. इकडे लोक आमरस-पोळी खाऊन दुपारची ताणून देतात, संपला सण. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकीबाळींचं माहेरपण. झाडांना झोके बांधतात, बायका गाणी म्हणतात, पितरांची घागर पूजतात आणि खापरावर मांडे करतात. खापर म्हणजे मातीचं, पसरट, मोठ्या कढईएवढं. ते चुलीवर पालथं टाकायचं. पुरण भरलेली पोळी लाटायची नाही, दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत पसरवायची आणि अलगद खापरावर सोडायची. माझ्या मायचा मांडा धरून उभं राहिलं तर पलीकडचं माणूस दिसायचं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी आखाजीला माहेरी गेले. दुसऱ्या वर्षी नणंदेच्या लग्नाची गडबड, म्हणून राहिले. तिसऱ्या वर्षी जायचंच, असं दिवाळीपासून ठरवून बसले होते, कारण मायच्या पोटात गाठ निघाली होती.

आणि तोंड माझं! संक्रांतीच्या सुमारास नणंद माहेरी आली होती. तिचं सासर पिंपळगाव बसवंतचं, द्राक्षांचा व्यापार. तिला दिवस गेले होते आणि काही गोड लागत नव्हतं. पुरणपोळी केली तर नाक मुरडलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "ह्याला काय पोळी म्हणायचं? आमच्याकडचा मांडा खा एकदा, डोहाळे विसरशील." ती लगेच लाडात आली, "बाबा, मला मांडे पाहिजेत." सासऱ्यांनी मला खापर कसं असतं, चूल केवढी लागते, जाळ कुठून घालतात, सगळं विचारून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत परसातल्या भट्टीचं ड्रॉइंग तयार.

मला खोटं बोलायचं नाही, मी हरखले होते. एवढ्या दिवसांत त्या घरानं माझ्या माहेरची म्हणून एक गोष्ट धड विचारली नव्हती. आता सगळे माझ्या भोवती. रविवार आला की परसात जत्रा. नवरा स्कूटरवरून वारुळाची माती आणायचा. टांग्याच्या अड्ड्यावरून घोड्याची लीद आणायची होती, ती आणताना मात्र हेल्मेट घालून गेला, कोणी ओळखू नये म्हणून. इगतपुरीकडून भाताचं तूस आलं. सासरे टेप आणि पाणसळ घेऊन बसले. "इथं दोन बोटं जास्त आहे," म्हणत ओल्या भिंतीला सुतारासारखे डोळा लावायचे. नणंद खुर्चीवर बसून बोरं खात सूचना द्यायची. चिखल तुडवायला मी.

"तुला सवय असेल," सासूबाई म्हणाल्या.

"आहेच," मी म्हटलं आणि पदर खोचला. लाज कसली मेली? चिखल घोट्याच्या वर आला, लीद-तूस-माती एकजीव झाली, पायाला लोण्यासारखी लागू लागली. वळकट्या करून एकावर एक चढवल्या, वाळू नये म्हणून वरून ओलं गोणपाट टाकलं. तडे गेले की मी बोटानं बुजवत होते. कॉलनीतल्या बायका कुंपणावरून बघायच्या आणि सासरे त्यांना माहिती द्यायचे, "शास्त्रशुद्ध आहे हं सगळं. हवा खालून ओढली जाणार." मला हसू यायचं. तेवढे दिवस घर मला घर वाटलं, हे कबूल केलंच पाहिजे.

होळी झाली आणि माझा भाऊ सटाण्याहून आला. माझ्याहून लहान. सासऱ्यांनी पत्र घालून खापर मागवलं होतं. नवीन मिळेल कुठलंतरी, असं मी समजत होते. भावानं एसटीत मांडीवर धरून आणलेलं गोणपाटाचं बोचकं सोडलं, आतला पेंढा काढला आणि मला ओळख पटली. मायचंच खापर. काठाला एक कपची उडालेली, ती माझ्याच हातून लहानपणी.

"हे कशाला आणलं? तिला लागेल ना!"

तो चहाचा कप खाली ठेवून हळूच म्हणाला, "ती आता चुलीपुढे बसत नाही, ताई." मग बाहेरच्या खोलीकडे एक नजर टाकून, "आखाजीले ये. माय तुनी वाट देखी ऱ्हायनी."

माय माझी वाट बघतेय. गाठ किती वाढली ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याच्या हातांवरचे चुलीचे चटके पाहिले आणि कळलं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं, तेवढ्यात सासऱ्यांनी बाहेरून हाक मारली, "काय कुजबूज शे?"

त्या रात्रीच्या जेवणात मी विषय काढला. आखाजीला चार दिवस सटाण्याला जाऊन येते म्हटलं. सासरे हसले. इतके प्रेमळ हसले की काय सांगू.

"अगं वेडे, आता कशाला जायचं? तुझं माहेरच आणून बसवलं ना परसात! चूल तुझी, खापर तुझ्या आईचं. आणखी काय पाहिजे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई गं! नणंदेला लग्नानंतरची पहिली अक्षय्य तृतीया माहेरी करायची होती. तिचं माहेरपण व्हायचं तर मांडे पाहिजेत, मांडे व्हायचे तर मी पाहिजे. मी स्वतःच्या पायांनी चिखल तुडवून स्वतःसाठी दावं वळलं होतं.

नवऱ्याला म्हटलं, "अहो, तुम्ही तरी बोला." तो म्हणाला, "एका दिवसाचा तर प्रश्न आहे." सासूबाईंनी त्याच्यावर कडी केली. माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "सण झाला की दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं जा. आठ दिवस राहा. मी काही म्हणणार नाही." मग मी भावाला निरोप धाडला, आखाजीच्या दुसऱ्या दिवशी येते, मायला सांग.

आखाजीच्या दिवशी मी उजाडताच भट्टी पेटवली. कितीही राग असला तरी हाताला वाईट काम जमत नाही, हा आमच्या घराण्याचा रोगच आहे. जाळ सुरेख ओढला जात होता. खापर तापलं, पाण्याचा हबका मारला की चर्र वाजायचं. कणीक आदल्या दिवसापासून तिंबलेली, पुरण पाट्यावर वाटलेलं. भट्टी हॉलच्या खिडकीला लागूनच होती, आणि नऊच्या सुमारास आत फोन वाजला. सासूबाईंनी उचलला. थोड्या वेळानं त्या मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कोणाचा फोन?" मी विचारलं.

"पिंपळगावचा. निघालेत म्हणे. जाळ कमी पडतोय का बघ."

फोन पिंपळगावचा नव्हता. सटाण्याच्या एसटीडी बूथवरून माझा भाऊ बोलला होता. माय पहाटे गेली. ताईला घेऊन लगेच निघा, तोवर आम्ही थांबतो, असं त्यानं सांगितलं होतं. हे मला संध्याकाळी कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे उरलेला दिवस कसा गेला ते तुम्हाला दिसेल.

आमच्यात आई-बाप गेले की लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं सुतक. सुतकातल्या हाताचं पितरांना चालत नाही, देवाला चालत नाही आणि पोटुशीच्या ताटात तर नाहीच नाही. पण त्याला एक पळवाट आहे. सुतक ऐकल्यापासून लागतं. कानावर आलं नाही तोवर माणूस शुद्ध. सासूबाईंनी सासऱ्यांना बाजूला घेतलं आणि दोघांनी ठरवलं, हिच्या कानावर संध्याकाळी घालायचं.

मी मांडे करत राहिले. नणंद-जावई आले, पाणी-गूळ झालं. आंब्याला झोका बांधला होता, त्यावर नणंद बसली आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडचं ते गाणं म्हण ना!" मी म्हटलं. झोक्याचं, भावाला मुळाला, म्हणजे माहेरी न्यायला, बोलावणारं. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. माय घरात चटईवर पडलेली, डोक्याशी दिवा, आणि मी नाशकात कोपरापर्यंत पीठ माखून गात होते. सासरे तर शेजाऱ्यांना हात धरून आणत होते. "बघा, झालाय का नाही पारदर्शक?"

घागर पूजली. पितरांचे घास टाकले. दुपारी पुन्हा फोन वाजला, तेव्हा सासऱ्यांनी घेतला आणि हळू आवाजात बोलून ठेवला. उन्हाळा मी म्हणत होता, भाऊ विचारत होता, अजून किती थांबू? सासऱ्यांनी सांगितलं, "तिची तब्येत बरी नाही. तुम्ही उरकून घ्या." नवऱ्याला त्याच वेळी समजलं. तो ताटावर बसला, मान खाली घालून दोन मांडे खाल्ले, आणि मी आग्रहानं तिसरा वाढला तर तोही खाल्ला.

दिवेलागणीला सासूबाईंनी मला आत बोलावलं. आधी दूध दिलं प्यायला. मग पाठीवर हात ठेवून सांगितलं. "पहाटेच गेल्या. सुटल्या बिचाऱ्या. तुला सकाळी सांगून काय केलं असतंस? दुःखच केलं असतंस. आता मोकळेपणानं रड."

मी रडले नाही. एवढंच विचारलं, "उरकलं का सगळं?"

"हो. दुपारीच."

सासरे, नवरा, नणंद, सगळे दारात गोळा झाले होते. नणंदेला बहुतेक काही माहीत नसावं, तिचा चेहरा पडला होता. सासूबाई मात्र शांत होत्या, उलट जरा समाधानीच. सण पार पडला होता, पितर जेवले होते, लेकीचे डोहाळे पुरले होते, आणि धर्माला कुठे डाग नव्हता. ते समाधान बघून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शिव्या द्याव्यात तर त्या बाईला शिव्या लागतच नव्हत्या. तिला काय लागतं ते मला पक्कं माहीत होतं.

मी म्हटलं, "मला सकाळीच कळलं होतं."

"काय?"

"खिडकी उघडी होती ना, आई. तुम्ही फोनवर जे बोललात ते सगळं ऐकलं मी. नऊ वाजल्यापासून मी सुतकात आहे. त्याच हातांनी सगळे मांडे केले. पितरांचे घास मीच वाढले. हिचं ताट मीच भरलं."

खोटं. साफ खोटं. लाकडं तडतडत होती, मला फोनची घंटा सोडून काही ऐकू आलं नव्हतं. पण सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी डोळे भरून पाहिलं. त्यांनी आधी लेकीच्या पोटाकडे पाहिलं, मग घागरीकडे, आणि मटकन खाली बसल्या. त्या घरात आल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सटाण्याला जायला निघाले तेव्हा त्या परसात पहार घेऊन भट्टी फोडत होत्या. कोणाला हात लावू दिला नाही. मायचं खापरही त्यातच गेलं, मी वळून पाहिलं तोवर दोन तुकडे झाले होते. पुढे नणंदेला मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. आज त्याला मिशा आहेत. पण तो साधा शिंकला तरी सासूबाई माझ्याकडे बघायच्या. कितीदा एकटीत गाठून विचारलं, "खरं सांग, ऐकलं होतंस?" शेवटच्या आजारात दवाखान्याच्या खाटेवरसुद्धा विचारलं. तोवर नवं शतक उजाडलं होतं, पण सुतक काही फिटलं नव्हतं. मी प्रत्येक वेळी "हो" म्हटलं. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

मला वाटतं ते दहाव्याचं.

दहाव्याला सासू-सासरे सटाण्याला आले. भाऊ क्षौर करून, उघडाबोडका ओट्यावर बसला होता. सगळा गोतावळा जमलेला. माझे मामा सासऱ्यांवर तुटून पडले. "पोरीला आईचं तोंड बघू दिलं नाही तुम्ही. कसली माणसं हो?" सासरे गडबडले. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं, आणि ती बाई पदर सावरत, शांतपणे म्हणाली, "आम्ही काय लपवलं? तिला सकाळीच कळलं होतं. तिनंच सांगितलंय सगळ्यांसमोर. विचारा तिला."

मीच वळलेली दोरी, माझ्याच गळ्यात.

भाऊ माझ्याकडे वळला. गेले नऊ दिवस मी त्याच्या शेजारी बसून रडले होते, आणि तोच मला समजावत होता की तुझा काही दोष नाही, ताई, तुला कळवलंच नाही त्यांनी.

"तुले माहीत व्हतं?" त्यानं विचारलं.

मी "नाही" म्हणणारच होते. शब्द ओठांवर होता. तेवढ्यात माझी नजर सासूबाईंवर गेली. त्या श्वास रोखून माझ्याकडे बघत होत्या. सगळ्यांसमोर, मायच्या दहाव्याला, मी "नाही" म्हटलं की त्या सुटल्या. पितर तृप्त, लेक सुखरूप, सुतक कुणालाच नाही. त्या डोळ्यांनी माझ्याकडे भीक मागत होत्या. माझ्या तोंडून "नाही" काढण्यासाठीच त्यांनी हे सगळ्यांसमोर विचारायला लावलं होतं, हे मला तिथल्या तिथे उमगलं. नऊ वाजता दारात उभं राहून "जाळ कमी पडतोय का बघ" म्हणणारी बाई. तिला मी सुटू देऊ?

"हो," मी म्हटलं.

सासूबाईंची मान खाली गेली. पण मला ती नीट बघताही आली नाही, कारण भाऊ उठून उभा राहिला होता. मी त्याच्या मागे गेले, पडवीत गाठलं, हात धरला, म्हटलं, ऐक, ते खोटं आहे, तिला छळायला बोलले मी. त्यानं हात सोडवून घेतला. रागानं नाही, ओळख नसलेल्या बाईचा सोडवतात तसा.

"मांडा चांगला व्हयनात ना?" त्यानं विचारलं.

मांडे चांगले झाले ना. त्यानंतर तो माझ्याशी आजतागायत बोललेला नाही, आणि आखाजीचं मूळ घेऊन कोणी आलेलं नाही. मांडे चांगलेच झाले होते.